वेल स्ट्रीटची चढण

कोकणातल्या मुसलमानांच्या घरांत ‘केप’ हा शब्द परका नाही. कुणाचा आजा बोटीवर होता, कुणाचा चुलता मस्कतला होता, तसा कुणाचा पणजा ‘केपला’ होता. केप म्हणजे दक्षिण आफ्रिकेचे टोक आणि तिथले केपटाऊन शहर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतली, जंजिऱ्याच्या हबसाणातली माणसे पोटासाठी तिकडे गेली. त्यांची नातवंडे-पतवंडे आज तिथली नागरिक आहेत. अशाच गावांतल्या आम्ही काही कुटुंबांनी मिळून केपटाऊनला जायचा बेत केला आहे आणि तारीख धरली आहे २ जानेवारीची. त्या दिवशी तिथे कार्निव्हलची मोठी मिरवणूक निघते.

तारीख ठरली आणि वाद सुरू झाला. बुजुर्गांपैकी काहींचे म्हणणे, तोंडाला रंग फासून नाचणाऱ्यांत आपले काय काम? जायचे तर मशिदी पाहा, मजारींवर फातिहा पढा आणि परत या. तरुणांचे म्हणणे, मशिदी बारा महिने उभ्याच आहेत, मिरवणूक वर्षातून एकदा निघते. दोन्ही बाजूंनी एक गोष्ट मात्र गृहीतच धरली होती, ती ही की मशीद एकीकडे आणि मिरवणूक दुसरीकडे. केपटाऊनचा इतिहास तसे सांगत नाही. तिथे दोन्ही एकाच चढणीवर आहेत आणि दोन्हींची मुळे एकाच लोकांच्या हालअपेष्टांत आहेत. ती चढण म्हणजे वेल स्ट्रीट. म्हणून आम्ही ठरवले, की हा रस्ता मिरवणुकीच्या दिवशी पहिल्यांदा पाहायचा नाही. चार-पाच दिवस आधी पोचायचे, आणि रस्ता खालून वर, इतिहासाच्या क्रमाने चढायचा.

आमच्या आराखड्यातला पहिला मुक्काम रस्त्याच्या खालच्या टोकाला आहे. वेल स्ट्रीट आणि ॲडर्ली स्ट्रीट यांच्या कोपऱ्यावर ‘स्लेव्ह लॉज’ नावाची इमारत आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीने १६५२ मध्ये केपला ठाणे वसवले आणि १६७९ मध्ये स्वतःच्या मालकीच्या गुलामांना कोंडण्यासाठी ही वास्तू बांधली. पुढे तिथे सरकारी कचेऱ्या आल्या, न्यायालय आले, आणि आता संग्रहालय आहे. इतिहासकार रॉबर्ट शेल यांच्या अंदाजानुसार १८०८ पर्यंत केपमध्ये सुमारे ६३ हजार गुलाम आणले गेले. ते इंडोनेशियाच्या बेटांवरून आले, मादागास्करहून आले, मोझांबिककडून आले आणि आपल्या हिंदुस्थानातूनही आले. बंगाल, मलबार, कोरोमांडेलचा किनारा, ही नावे कंपनीच्या दप्तरात पुन्हा पुन्हा येतात. कारकून माणसाचे नाव लिही आणि त्यापुढे त्याच्या मुलखाचे नाव जोडी. ‘बंगालची अँजेला’ ही अशीच एक. तिला १६६६ मध्ये मुक्ती मिळाल्याची नोंद आहे.

ज्यांना मुलखाचे नावही मिळाले नाही, त्यांना महिन्याचे नाव मिळाले. जानेवारी, फेब्रुवारी, सप्टेंबर, ऑक्टोबर ही केपटाऊनमध्ये आजही आडनावे आहेत. मालकाने दिलेले नाव नातवंडांनी टाकले नाही, ते सांभाळून ठेवले. लॉजच्या मागेच चर्च स्क्वेअर आहे. तिथे २००८ मध्ये गुलामांच्या स्मृत्यर्थ ग्रॅनाइटचे ११ ठोकळे बसवले गेले. काहींवर गुलामांची नावे कोरलेली आहेत. मुलांना बरोबर घेऊन ती नावे मोठ्याने वाचायची, एवढाच त्या दिवसाचा कार्यक्रम आम्ही ठेवला आहे.

दुसरा दिवस ३१ डिसेंबरचा. लॉजपासून वेल स्ट्रीटने वर निघाले, की सेंट जॉर्ज कॅथीड्रल लागते. १३ सप्टेंबर १९८९ रोजी वर्णद्वेषी राजवटीविरुद्धचा तीस हजार लोकांचा शांतिमोर्चा इथूनच निघाला. त्याच्या अग्रभागी आर्चबिशप डेस्मंड टूटू होते आणि शेख नाझीम मोहम्मदही होते. पुढे बायटनग्राख्ट हा रुंद रस्ता ओलांडला, की शहराचा सपाट भाग संपतो आणि सिग्नल हिलचा चढ सुरू होतो. दोन्ही बाजूंना लाल, पिवळी, निळी, हिरवी बैठी घरे दिसू लागतात. हा बो-काप, म्हणजे ‘वरचे केप’. ७१ वेल स्ट्रीट या जुन्या घरात बो-काप संग्रहालय आहे. शेजारच्या समांतर रस्त्यावर, डॉर्प स्ट्रीटवर, अव्वल मशीद आहे. दक्षिण आफ्रिकेतली ही पहिली मशीद मानली जाते.

या मशिदीची कथा आपल्या वाचकांनी जाणून घ्यावी अशी आहे. डचांच्या राज्यात इस्लामचे उघड आचरण हा गुन्हा होता. धर्मस्वातंत्र्य कायद्याने मिळाले ते १८०४ मध्ये. त्याआधीच, १७९४ मध्ये, श्रीलंकेतून आलेला कॉरिडॉन नावाचा मुक्त गुलाम डॉर्प स्ट्रीटवर जागेचा मालक झाला. ही जागा पुढे त्याची बायको ट्राइन आणि नंतर मुलगी सार्की यांच्याकडे गेली, आणि तिथेच मशीद उभी राहिली. म्हणजे दक्षिण आफ्रिकेतली पहिली मशीद एका स्त्रीच्या मालकीच्या जागेत नांदली. पहिले इमाम होते तिदोर बेटाचे अब्दुल्ला बिन काझी अब्दुस्सलाम. लोक त्यांना तुआन गुरू म्हणत. १७८० मध्ये डचांनी त्यांना राजकैदी म्हणून आणले आणि रॉबेन बेटावर ठेवले. हेच बेट, जिथे पुढे नेल्सन मंडेला कैदेत होते. कैदेत असताना त्यांनी नुसत्या स्मरणातून कुरआन लिहून काढले. सुटल्यावर मदरसा काढला. तिथे गुलामांची मुले शिकली आणि मुक्त माणसांचीही शिकली. सार्कीचा नवरा अचमत हाही पुढे इथला इमाम झाला. तो हुगळीकाठच्या चिनसुऱ्याचा, म्हणजे बंगालचा होता.

आमच्या मंडळींसाठी एक साधी सूचनाही आराखड्यात लिहून ठेवली आहे. कोकणात आपण पश्चिमेला तोंड करून नमाज पढतो. केपटाऊनमध्ये किब्ला उत्तरेला, किंचित पूर्वेकडे कललेला आहे. मक्केपासून आपण किती खाली, किती दूर आलो आहोत, हे सफेत उभे राहिल्यावरच कळेल. आणि ज्यांना इथे साखळदंडांत आणले, त्यांनी ही दिशा आपली आपण शोधून काढली होती, हेही त्याच वेळी कळेल.

त्यांनी दिशा जपली तशी भाषाही घडवली. आज आफ्रिकान्स म्हणून ओळखली जाणारी भाषा गोऱ्यांची म्हणून मिरवली गेली. पण तिच्या सुरुवातीच्या लेखनातला मोठा वाटा केपच्या मुसलमानांचा आहे. ते ही भाषा अरबी लिपीत लिहीत. ऑटोमन सुलतानाने धाडलेले आलिम अबू बक्र एफेंदी यांनी याच भाषेत, अरबी अक्षरांत ‘बयानुद्दीन’ हा ग्रंथ लिहिला. तो १८७७ मध्ये इस्तंबूलला छापला गेला. मुसलमानाची भाषा कोणती, हा प्रश्न आपल्यालाही वारंवार विचारला जातो. केपच्या मुसलमानांनी त्याचे उत्तर वाद न घालता दिले. ज्या स्वयंपाकघरात, ज्या बाजारात राबलो, तिथली भाषा आमची. या भाषेत ‘कनाला’ म्हणजे ‘कृपा करून’ आणि ‘बरकत’ म्हणजे पाहुण्याने जाताना बांधून न्यायचा खाऊ. बरकत या शब्दाचा हा अर्थ आपल्या आयाबायांना समजावून सांगावा लागणार नाही.

३१ डिसेंबरच्या रात्री याच गल्ल्यांत ‘मलय क्वायर’ नावाची गायकमंडळे फिरतात. ही मंडळी तोंड रंगवत नाहीत. एकसारखा सूट, डोक्यावर लाल फेज टोपी, हातात बँजो, गिटार, मँडोलिन आणि ‘गूमा’. गूमा म्हणजे पिंपाला एका बाजूने कातडे ताणून केलेला ढोल. मंडळे घरोघरी थांबतात, गातात, त्यांच्यासाठी मेजावर खाणे मांडलेले असते. त्यांच्या जुन्या गाण्यांचे शब्द डच वळणाचे असतात, पण मुख्य गायक ज्या हरकती घेतो, त्यांना ते ‘कारींकल’ म्हणतात आणि त्या साफ पूर्वेकडच्या वाटतात. या गायकांत बहुसंख्य मुसलमान असतात. ती रात्र आम्ही कोपऱ्यात उभे राहून ऐकण्यात घालवणार आहोत.

नववर्षाचा पहिला दिवस विश्रांतीचा आणि नंतर डिस्ट्रिक्ट सिक्सचा. इथे आमचे स्वतःचे नाते सुरू होते. शहराच्या पूर्वेकडची ही वस्ती. तिला ‘कनालाडॉर्प’ असेही म्हणत. एकमेकांच्या अडीनडीला धावणाऱ्यांचे गाव, असा त्याचा अर्थ लोकांनी लावला. हॅनोव्हर स्ट्रीट हा तिचा मुख्य रस्ता. तिथे मलय होते, ख्रिस्ती होते, ज्यू होते आणि हिंदी दुकानदारही होते. केपमधल्या हिंदी मुसलमानांत कोकणी हा मोठा गट. कुणी दुकानात नोकर, कुणी फेरीवाला, कुणी दोन खणांच्या दुकानाचा धनी. १९०२ आणि १९०६ च्या कायद्यांनी युरोपीय भाषा लिहिता न येणाऱ्या नव्या माणसाला दार बंद केले. जे आधीपासून होते, त्यांना गावी यायचे तर तात्पुरत्या गैरहजेरीचा परवाना काढावा लागे. त्यावर फोटो आणि अंगठ्याचे ठसे असत. मुदतीत परत गेले नाही, तर तिथे राहण्याचा हक्क बुडे. बायकामुले बहुधा गावीच राहत. काहींनी तिकडे केपच्याच मुस्लिम स्त्रियांशी निकाह केले. कोकणातल्या किती स्त्रियांचे आयुष्य त्या परवान्याच्या मुदतींत मोजले गेले, याचा हिशेब कोणत्या दप्तरात नाही. परवान्यांची कागदपत्रे मात्र केपटाऊनच्या रोलंड स्ट्रीटवरच्या सरकारी अभिलेखागारात आहेत. सुट्या संपल्यावर तिथे एक दिवस बसायचे, हे आम्ही सर्वांत आधी पक्के केले.

११ फेब्रुवारी १९६६ रोजी डिस्ट्रिक्ट सिक्स ‘फक्त गोऱ्यांसाठी’ असल्याचे जाहीर झाले. पुढच्या वर्षांत साठ हजारांहून अधिक माणसांना तिथून उठवून दूरच्या रेताड माळावर नेऊन टाकले. घरांवर बुलडोझर फिरले. मशिदी आणि चर्चे तेवढी उभी राहिली. आसपास घर नाही, दार नाही आणि मधोमध मशीद, असे दृश्य कित्येक वर्षे होते. तरी दूर फेकलेली माणसे तिथे नमाजाला येत राहिली. १९९४ मध्ये एका जुन्या चर्चच्या इमारतीत डिस्ट्रिक्ट सिक्स संग्रहालय सुरू झाले. जमिनीवर वस्तीचा भलामोठा नकाशा अंथरला गेला, आणि उठवलेल्या माणसांनी आपापल्या घराच्या जागी आपली नावे लिहिली. सणासुदीला ते उघडे असते का, हे आधी विचारून घ्यायला हवे.

बो-काप वाचला, पण त्याचीही किंमत मोजावी लागली. १९५७ मध्ये त्याचा मोठा भाग फक्त ‘मलय’ लोकांसाठी राखला गेला. जे सरकारी व्याख्येत मलय नव्हते, त्यांना जावे लागले. त्यात ख्रिस्ती होते, तसे हिंदी मुसलमानही होते. मलय कोण, हे ठरवणारा कारकून पुन्हा एकदा माणसाच्या नावापुढे मुलूख लिहू लागला. ‘केप मलय’ ही ओळख ठळक करण्यात आय. डी. डू प्लेसी या आफ्रिकान्स कवीचा आणि सरकारी अधिकाऱ्याचा मोठा हात होता. गायकमंडळांची शिखर संस्था १९३९ मध्ये स्थापन झाली, त्यातही तो होता. प्रत्यक्षात फ्रँक ब्रॅडलो आणि मार्गारेट केर्न्स यांनी १९७८ मध्ये जुनी कागदपत्रे तपासून दाखवून दिले, की केपच्या आरंभीच्या मुसलमानांत हिंदुस्थानातून आणि आफ्रिकेतून आलेले पुष्कळ होते. अव्वल मशिदीचा बंगाली इमाम आपण पाहिलाच. एका शिक्क्याखाली किती मुलूख झाकले जातात, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

आता २ जानेवारी. या दिवसाला तिथे ‘दुसरे नववर्ष’ म्हणतात. सरकारी यादीत ही सुटी नाही, पण त्या दिवशी शहर कामावर जात नाही. कारण जुने आहे. १ जानेवारीला मालकांच्या घरी मेजवान्या असत आणि गुलामांना दुप्पट राबावे लागे. म्हणून दुसरा दिवस त्यांना मोकळा मिळे. आपल्याकडे बैलाच्या मानेवरचे जू वर्षातून एक दिवस उतरवतात, त्याला पोळा म्हणतात. इथे तो पोळा माणसांच्या वाट्याला आला होता. गोव्याचा कार्निव्हल ख्रिस्ती उपवासकाळाच्या तोंडावर येतो. केपच्या उत्सवाचा त्या उपवासाशी संबंध नाही. त्याचा संबंध या एका मोकळ्या दिवसाशी आहे. १ डिसेंबर १८३४ रोजी गुलामगिरी कायद्याने संपली, पण ‘उमेदवारी’च्या नावाखाली आणखी चार वर्षे त्याच मालकांकडे काम करावे लागले. खरी सुटका १ डिसेंबर १८३८ ला झाली. त्या सुटकेचा आनंदही पुढे याच नववर्षाच्या उत्सवात मिसळला, असे अभ्यासक मानतात.

चेहऱ्यांवरच्या रंगाची हकीकत मात्र कडवट आहे. अमेरिकेत गोरे नट तोंडाला काळे फासून काळ्या गुलामांची टवाळी करणारे खेळ करीत. अशा मंडळींचे खेळ १८६२ मध्ये केपटाऊनला झाले. पुढे १८९० मध्ये ऑर्फियस मॅकाडू यांच्याबरोबर खरोखरचे कृष्णवर्णीय अमेरिकन गायक आले. केपच्या कष्टकऱ्यांनी दोन्ही पाहिले, आणि टवाळीचा मुखवटा उचलून आपल्या सणाला लावला. १९०७ मध्ये ग्रीन पॉइंटच्या मैदानावर पहिल्यांदा रीतसर स्पर्धा झाल्या. या उत्सवाला पुष्कळ वर्षे ‘कून कार्निव्हल’ म्हणत. ‘कून’ ही अमेरिकेत काळ्या माणसाला दिली जाणारी शिवी. कुणी म्हणतात, ती शिवी आम्ही आमची करून तिचे विष काढले. कुणी म्हणतात, विष तसे निघत नाही. आता ‘कापसे क्लॉप्स’ म्हणजे ‘केपची मंडळे’ हे नाव वापरतात. मंडळांचे सॅटिनचे रंगीत पोशाख महिनोन्महिने शिवले जातात. त्यांत शिंपी, गवंडी, कारखान्यातले कामगार असतात. कितीतरी मुसलमानही असतात.

मिरवणुकीची जुनी वाट डिस्ट्रिक्ट सिक्सकडून निघून सिटी हॉलसमोरून वेल स्ट्रीटला लागते आणि बो-कापकडे चढते. म्हणजे उठवलेली वस्ती, गुलामांची कोठडी आणि मशिदींची टेकडी या तिन्ही जागा ती एका दोऱ्यात ओवते. दूरच्या वस्त्यांत फेकलेल्यांची मुले-नातवंडे बसगाड्या करून येतात आणि त्या एका दिवसापुरता शहराचा मध्य परत घेतात. वर्णद्वेषी राजवटीने शहरातल्या मिरवणुकीवर पुष्कळ बंधने घातली, त्यामागे हीच भीती होती. लोक आदल्या रात्रीपासून पदपथावर चादरी, खुर्च्या टाकून जागा धरतात. त्या जागा त्यांच्या आहेत. आम्ही मागे उभे राहायचे ठरवले आहे. काही वर्षी शुक्रवार किंवा धार्मिक दिवस पाहून तारीख पुढे ढकलली गेली आहे आणि वाटही कधी कधी बदलते. त्यामुळे तिकिटे काढण्याआधी दोन्हींची खात्री करायची.

मग बुजुर्गांच्या आक्षेपाचे काय? तो हलका नाही. केपच्या उलेमांनीही या नाचगाण्याविरुद्ध वेळोवेळी आवाज उठवला आहे. तिथे ‘रातीब’ या नावाने चालणाऱ्या, तलवारी टोचून घेण्याच्या रिफाई जिक्रवरही १८५० च्या दशकापासून वाद झाले. आपल्याकडे ताबुतांवरून झाले तसेच. शरीयतच्या दृष्टीने काय योग्य, हे सांगण्याचा अधिकार आमचा नाही. इतिहासाच्या दृष्टीने एवढेच म्हणता येते: ज्यांच्याकडून नाव, मुलूख, भाषा आणि वर्षाचे ३६४ दिवस काढून घेतले होते, त्यांनी उरलेल्या एका दिवसात काय केले, याचा निवाडा करण्याआधी तो दिवस समजून घ्यावा. मिरवणुकीत नाचायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. तिच्याकडे पाठ फिरवून नुसती मशीद पाहणे मात्र अर्धे पाहणे होईल.

पाहणाऱ्यानेही आपली पायरी ओळखायला हवी. बो-काप हा देखावा नाही, तिथे माणसे राहतात. पर्यटकांच्या झुंडी, घरांसमोरचे फोटो आणि चढत्या भावाने जागा घेणारे बिल्डर यांना कंटाळून २०१८ मध्ये तिथले रहिवासी रस्त्यावर उतरले. २०१९ मध्ये महापालिकेने या भागाला वारसा-संरक्षण दिले आणि तिथल्या १९ जागा राष्ट्रीय वारसा म्हणून जाहीर झाल्या. म्हणून आमच्यात ठरले आहे, की विचारल्याशिवाय कुणाच्या दारात फोटो काढायचा नाही, खाणे तिथल्याच बायकांच्या हातचे विकत घ्यायचे, आणि अजान झाली की कॅमेरा खाली.

आराखड्याच्या शेवटच्या पानावर ‘ताना बारू’ आहे. लाँगमार्केट स्ट्रीटच्या वरच्या टोकाचे हे जुने कब्रस्तान. मुसलमानांना दफनासाठी ही जमीन १८०५ मध्ये मिळाली. तुआन गुरू इथेच आहेत. साथीचे कारण सांगून सरकारने १५ जानेवारी १८८६ रोजी ते बंद केले. दोनच दिवसांनी सुमारे तीन हजार मुसलमान एका मुलाचा जनाजा घेऊन, पायी, खांद्यावरून इथवर चढले आणि बंदी मोडून त्यांनी दफन केले. अब्दुल बर्न्स हे त्यांचे पुढारी होते. तीही एक मिरवणूकच होती, जानेवारीतलीच, आणि त्याच टेकडीवर चढलेली.

तिथे उभे राहून खाली पाहिले, की वेल स्ट्रीट शेवटपर्यंत उतरत गेलेला दिसेल, असा आमचा अंदाज आहे. फातिहा आम्ही तिथे पढू. तुआन गुरूंसाठी पढू, अचमत आणि सार्कीसाठी पढू, आणि ज्यांचे आडनाव नुसते एका महिन्याचे नाव होते, त्यांच्यासाठीही.